फॉल्टकाका आणि गरम फरशी

प्रिय इरा आणि ओजस,

परवा व्हिडिओवर मी फॉल्टकाका गेल्याचं सांगितलं. तुम्ही दोघांनी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यामुळे तुम्हाला विशेष काही वाटलं नसेल, आणि ते बरोबरच आहे. पण इरा, नंतर तू मला वेगळा फोन केलास आणि विचारलंस, "आजी, बाबा अँड अण्णाआजोबा वेअर सो क्वाएट. वॉज ही देअर फ्रेंड?" मी म्हटलं, फोनवर नको, लिहून कळवते.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालं आणि नोकरीतही आयुष्यभर इंग्रजीच लिहिलं. पण फॉल्टकाकांचं बोलणं इंग्रजीत घातलं की तो माणूस कुणी दुसराच वाटायला लागतो. तेव्हा मराठीतच लिहिते, आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला थांबवा.

मुख्य गोष्ट आधी सांगून टाकते. इरा, तू जन्मलीस त्या हिवाळ्यात तुमच्या नॉर्वेतल्या घरातली गरम फरशी बंद पडत होती आणि तुझे बाबा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीवरच्या इलेक्ट्रिकच्या डब्यासमोर उभे होते. ते जे करणार होते ते त्यांनी केलं असतं, तर त्या ओल्या फरशीवर अनवाणी चालणाऱ्या कुणाचाही जीव जाऊ शकला असता. तुला छातीशी धरून तुझी आई दिवसभर तिथेच फेऱ्या घालत होती. त्यांना थांबवणारा माणूस इथे सिंगापुरात, पासिर रिसच्या माझ्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलापाशी उभा होता. ते दुसऱ्यांच्या घरी फारसे बसत नसत.

फॉल्टकाका आणि मी एकाच ठिकाणी नोकरीला होतो. बुओना व्हिस्टाजवळ विजेच्या केबलींची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा होती. मी तिथलं ऑफिस सांभाळत असे आणि ते केबलमधले फॉल्ट शोधत. जमिनीखाली गाडलेली लांबच लांब केबल नेमकी कुठे खराब झाली आहे, हे न खणता सांगणं हे त्यांचं काम. ते मूळचे नागपूरचे, मी पुण्याची. पहिल्याच आठवड्यात मी त्यांची भाषा सुधारायला गेले. ते म्हणाले होते, "मॅडम, मी रिपोर्ट लिहून राहिलो." मी म्हटलं, "लिहितो आहे, म्हणा."

"तुमची मराठी इस्त्रीची हाये," ते म्हणाले, "आमची रोज वापरायची. इस्त्रीची खराब होईल ना, राहू द्या."

मग मी तो नाद सोडला.

त्यांच्यासोबत असलं की माणसाला जरा ताणच येई. कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावायच्या आधी ते हाताची मागची बाजू तिला हलकेच टेकवत. लिफ्टचं बटण, कोपीटियाममधल्या चहावाल्याचा स्टीलचा काउंटर, बसचा दांडा, माझा फ्रिज, सगळ्यांना आधी उलटा हात. त्यांचं म्हणणं असं की करंट असेल तर हात आखडतो. तळहाताने धरलेली वस्तू मग सुटत नाही. उलटा हात लावला तर तो आपणहून मागे येतो. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या चिनी बाईंच्या लोखंडी गेटलाही ते येताजाता असाच हात लावत. एकदा त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अंकल, व्हाय यू ऑल्वेज स्लॅप माय गेट? माय गेट डू समथिंग टु यू, इज इट?"

"नॉट येट, आंटी," हे म्हणाले.

आणि डावा हात खिशात. चालू विजेजवळ काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्या हातात, छातीमधून जात नाही. कामाच्या वेळी हे ठीक आहे, पण ते चहासुद्धा तसाच पीत. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला त्यांनी प्रसादाला एकच हात पुढे केला. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, प्रसाद असा एका हाताने घेतात का?"

"दोन हात दिले की सर्किट पूर्ण होते, वहिनी."

"देवापाशी कसलं सर्किट?"

"देवाचं मला माहीत नाही. तुमच्या मागं दिव्यांची माळ हाये अन् तिचा प्लग पिवळा पडून राहिला."

बाईंनी मागे वळून पाहिलं, आणि प्लग खरंच तापून पिवळा पडला होता. पण त्या त्यांच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत.

कुणाच्याही घरी गेले की पाणी घेण्याआधी ते विचारत, "मेन बोर्ड कुठं हाये?" मग तिथल्या अर्थ फॉल्टच्या ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबत. हा ब्रेकर म्हणजे काय, ते तुम्हाला पुढे लागेल म्हणून सांगते. घरात जितका करंट जातो तितकाच परत आला पाहिजे. थोडा जरी मध्ये कुठे गळून जमिनीत गेला, तर हा ब्रेकर खट्कन पडतो आणि वीज बंद करतो. गळणाऱ्या करंटच्या वाटेत माणूसही असू शकतो. म्हणून तो तिथे असतो. तो नीट पडतो की नाही हे बघायला टेस्टचं बटण असतं, आणि जगातले इतर लोक ते घरातल्यांना विचारून दाबतात. हे नाही विचारत. एकदम अंधार, पंखे बंद, माझा राइस कुकर अर्ध्यावर. आणि काळोखातून आवाज, "बरं हाये. जिवंत हाये."

मी चिडले की म्हणत, "मॅडम, भात पुन्हा शिजते."

त्यांच्यासमोर "आपोआप" हा शब्द काढायची सोय नव्हती. "पंखा आपोआप बंद पडला" म्हटलं की ते उठून जायला निघत. "लाईट गेली" म्हटलं की विचारत, "कुठं गेली? काही सांगून गेली का?" त्यांना बिघाडाचं वर्णन हवं असे. आमच्या तरुण इंजिनिअरांना ते सांगत, "काय होत नाही ते मला नका सांगू. काय होऊन राहिलं ते सांगा." गीझर तापत नाही, हे सांगणंच नव्हे. दिवा लागतो का? पाणी कोमट येतं की गार? आवाज येतो का? मुलं वैतागत. एक जण मला इथल्या इंग्रजीत म्हणाला, "आंटी, ही आस्क मोअर क्वेश्चन्स दॅन इमिग्रेशन, लाह."

दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे आणि मला ती फार उशिरा कळली. एकदा मंडळाच्या माहितीपत्रकासाठी मी त्यांच्या कामाचं मराठी वर्णन केलं होतं: "विद्युतवाहिन्यांतील दोष शोधणारे अभियंता." त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर परत आणून ठेवला.

"मॅडम, दोष माणसात शोधतात. केबलमधे फॉल्ट असते."

"अर्थ एकच आहे," मी म्हटलं.

"नाही ना. 'दोष कुणाचा' असं विचारता येते. 'फॉल्ट कुणाचा' असं कोणी विचारत नाही, 'फॉल्ट कुठं' असंच विचारतात. मी कुठंवाला माणूस हाये, कुणाचावाला नाही."

मला तो शब्दांचा हट्ट वाटला. मी "दोष" तसाच ठेवला आणि पत्रक छापलं. पत्रक हातात घेतलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच ऐकवलं, तेव्हापासून मंडळात त्यांना सगळे फॉल्टकाका म्हणायला लागले आणि त्यांना ते आवडलं.

आता तुमच्या घराबद्दल.

इरा, तू वेळेआधी आलीस. वजन कमी होतं. हॉस्पिटलने घरी सोडताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती की हिला ऊब हवी. मी तिथे असायला हवं होतं, पण माझा पाय मोडला होता आणि मी इथे प्लास्टरमध्ये पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. तिकडे मदतीला तुमचे अण्णाआजोबा होते. तुमच्या बाबांच्या आई आदल्या वर्षी गेल्या होत्या. अण्णा एकटेच सांगलीहून येऊन राहिले होते. बाळंतिणीचा शिरा, तुझी अंघोळ, सगळं ते आजीने केलं असतं तसं करायचा प्रयत्न करत होते.

तुमचं तेव्हाचं घर एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. फरशीखाली विजेची एकच लांब केबल वळवून वळवून पसरलेली. ती तापली की फरशी तापते, फरशीमुळे घर. दुसरी सोय म्हणून लाकडाची शेगडी होती, पण धुराडं तपासायला आलेल्यांनी दुरुस्तीशिवाय ती पेटवायला मनाई केली होती. नाताळ जवळ आला होता आणि बाहेर कडाक्याची थंडी.

ज्या दिवशी तू आणि आई हॉस्पिटलमधून घरी आलात, त्याच दिवशी फरशीचा ब्रेकर पहिल्यांदा पडला. बाबांनी थोड्या वेळाने उचलला, म्हणजे खटका पुन्हा वर केला, आणि तो टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पडला. इलेक्ट्रिशियन आला तो दुपारी. त्याने मोजमाप केलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाला आणि सुट्टीवर गेला. पुढच्या सकाळी ब्रेकर पुन्हा पडला. आता उचलल्यावर तो टिकायला रोज जास्त वेळ लागत होता. आधी तासाभरात टिकायचा, मग दुपार व्हायची, मग संध्याकाळ. तेवढ्या वेळात फरशी गार पडायची. शेजारच्या बाईंनी एक छोटा हीटर दिला होता, पण तो एका कोपऱ्यापुरता. त्यांच्याकडे राहायला जावं, तर त्यांच्या घरी सगळे खोकत होते.

तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा इथे दुपार असते. त्या दुपारी आईचा फोन आला तेव्हा तिने घरात स्वेटरवर कोट घातला होता आणि तू त्या कोटाच्या आत होतीस, फक्त टोपी दिसत होती. आई म्हणाली, "आई, आज तो उचललाच जात नाहीये." तिचा आवाज तिने सपाट ठेवला होता. तो तसा असला की मला भीती वाटते.

मी फॉल्टकाकांना बोलावलं. ते बुकित पंजांगला राहायचे, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. एमआरटीच्या ट्रेनने आले, पिशवीत नेहमीच्या रबरी चपला. माझ्या घरात बाहेरच्या चपला चालत नाहीत आणि ते अनवाणी फिरत नाहीत, म्हणून ही वेगळी जोडी. मेन बोर्डकडे मात्र त्या दिवशी पाहिलं नाही. टेबलावर फोन उभा केला होता, त्याच्यासमोर उभे राहिले. डावा हात खिशात.

तोपर्यंत तिकडे बाबांचा संयम संपला होता. ते खोलीभर विचारत फिरत होते, "कोणी काय केलंय? फरशीत कुणी खिळा-बिळा ठोकलाय का? खरं सांगा!"

"मी कशाला ठोकू?" आई म्हणाली.

"अण्णा?"

"फरशीत? नाही बुवा," अण्णा म्हणाले.

"मग काय भुताने केलं?"

फोनमध्ये तुझा बारीक आवाज येत होता. मग बाबा भिंतीवरच्या डब्यापाशी गेले. फरशीची केबल त्या डब्यातून निघते. त्यांनी मेन स्विच बंद करून झाकण काढलं आणि म्हणाले, "मी अर्थची तार काढून टाकतो. ब्रेकर पडतो तो अर्थमुळे. तार नसली की पडणार नाही. सुट्ट्या संपेपर्यंत चालेल तसंच."

"काढू नका," फॉल्टकाका म्हणाले.

"काका, मला समजतंय. पण मला बाळाला गरम ठेवायचंय."

"मलाही. काढू नका. ती तार बिघाड करून नाही राहिली, ती बिघाड सांगून राहिली. करंट फरशीत गळून राहिला. तार काढली तर ब्रेकर गप्प बसेल, गळणं नाही थांबणार. मग तो करंट पाय शोधेल."

"तुम्ही तिथे तीस डिग्रीत उभे आहात!" बाबा ओरडले. तुमचे बाबा ओरडत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. "इथे श्वासाची वाफ दिसतेय! सांगलीच्या आमच्या घराला जन्मात कधी अर्थ नव्हती. कोण मेलं?"

त्यांनी स्क्रू फिरवायला सुरुवात केली होती. ते मला फोनमधून दिसत होतं. माझ्या हाताशी काहीच नव्हतं. पाय खुर्चीवर आणि लेक इतक्या लांब. मी फॉल्टकाकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते काही शास्त्र सांगतील.

"माझी ताई," ते म्हणाले.

बाबांचा हात थांबला.

"कूलरमधे पाणी भरून राहिली होती. उन्हाळ्यात सगळ्या नागपुरात असतात ना, पत्र्याचे कूलर. अर्थ नव्हती. भावजींनी काढून ठेवली होती, सारखा फ्यूज उडते म्हणून." मग म्हणाले, "त्या उन्हाळ्यात फ्यूज नाही उडला."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या उलट्या हाताला आम्ही सगळे हसलो होतो.

"तो स्क्रू घट्ट करा, जावईबापू," ते म्हणाले. "मला दाखवून करा."

बाबांनी फोन जवळ नेला आणि स्क्रू आवळला. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला.

"आता कोणीच उभं नका राहू. बसा. दिवाणावर, पाय वर घेऊन. अन् आता मला आजची सकाळ सांगा. उठल्यापासून ब्रेकर पडेपर्यंत. कोणी केलं ते नाही पाहिजे. नाव घ्यायचं नाही. काय झालं तेवढंच."

"काही नाही झालं," बाबा म्हणाले.

"काही नाही कसं? सकाळ झाली ना?"

मग आईने सुरुवात केली. बाळ उठलं. दूध झालं. लंगोट बदलला. चहा झाला. बाथरूममध्ये अंघोळ झाली. पूजा झाली. शिरा झाला. मग ब्रेकर पडला.

"अंघोळीचं पाणी बाहेर आलं का?"

"नाही. बाथरूमची केबल वेगळी आहे, ती चालू आहे."

"पूजा झाली म्हणजे काय काय झालं?"

"देवाची पूजा," आई म्हणाली. "दिवा, अगरबत्ती, नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे मला नाही समजत. मी तुमच्या घरी नसतो."

तेव्हा अण्णा बोलले. कॅमेऱ्यात ते दिसत नव्हते. "देव पुसले, फुलं वाहिली. फुलं म्हणजे... इथे कसली फुलं, तांदूळच. दिवा लावला. उंबरठा पुसला, हळदकुंकू लावलं. मग नमस्कार."

फॉल्टकाका जरा पुढे वाकले. "नॉर्वेतल्या घराला उंबरठा असते?"

"बाहेरच्या दाराला नुसती पत्र्याची पट्टी आहे," अण्णा म्हणाले. "तिला काय उंबरठा म्हणायचं? म्हणून आतल्या दाराला बसवला. मागच्या खेपेला, उन्हाळ्यात आलो, तेव्हा घेऊन आलो होतो. सागवानी फळी आहे, सुताराकडून करून घेतली. हिच्या मनात होतं की मुलाच्या नव्या घराला उंबरठा असावा."

हिच्या म्हणजे तुमच्या त्या आजीच्या.

"छान केलं," फॉल्टकाका म्हणाले. "रोज पुसता? कशानं?"

"ओल्या फडक्याने. ही तसंच करायची. चांगलं भिजवून."

"अन् बाळ घरी आलं त्या दिवशी?"

"भाकरतुकडा ओवाळला. दोघींच्या पायांवर पाणी घातलं. तिथेच, उंबरठ्यात."

"फळी कशी बसवली?"

अण्णांच्या ते तेव्हा लक्षात आलं असावं. पुढचे शब्द फार हळू आले. "स्क्रूने. लांब होते जरा. घट्ट बसावी म्हणून."

"अण्णा!" बाबा उठून उभे राहिले. "मी पन्नास वेळा विचारलं फरशीत कुणी काही ठोकलंय का म्हणून! तुम्ही स्वतः—"

"ओ," फॉल्टकाका म्हणाले, "पाय वर."

बाबा बसले.

"त्यांनी बरोबर उत्तर दिलं. तुम्ही फरशीचं विचारलं. उंबरठा काय फरशी असते? आता पुन्हा नाव घेतलं तर मी फोन ठेवीन, मग तुम्ही अन् तुमचा ब्रेकर. फॉल्ट सापडला. दोष मी शोधत नाही."

मला माझं ते पत्रक आठवलं. पण तेव्हा ते आठवत बसायला वेळ नव्हता.

त्यांनी मग सगळं नीट उलगडून सांगितलं, आणि त्यातली गोष्ट न् गोष्ट जुळत होती. स्क्रूने उन्हाळ्यातच केबलचं वरचं आवरण खरवडलं असणार. कोरडं होतं तोवर काही झालं नाही. पायांवर पाणी घातलं, ते स्क्रूच्या भोकातून खाली उतरलं आणि करंट गळायला लागला. मग रोज सकाळी ओलं फडकं. इलेक्ट्रिशियन दुपारी आला तेव्हा जागा वाळलेली होती, म्हणून त्याला काही दिसलं नाही. आणि ब्रेकर पडला की फरशी गार, गार फरशी वाळायला वेळ लागणार, तोवर पुढची सकाळ.

"आता काय करायचं?" आईने विचारलं.

"आता वाळवायचं. फरशीचा ब्रेकर खालीच ठेवा, बाकी मेन चालू करा. स्क्रूला हात नका लावू, काढायला जाल तर आणखी चिरेल. हेअर ड्रायर हाये? रबरी चपला घाला, दुरून धरा, फळीच्या दोन्ही कडांना. अन् थोडा वेळ नाही, बराच वेळ."

बाबांनी ड्रायर धरला. हात भरून आले तेव्हा अण्णा पुढे आले आणि तो त्यांच्याकडून घेतला. बाबांनी दिला. त्या दोघांचं त्यानंतर तासभर एक अक्षर बोलणं झालं नाही. फोनमध्ये फक्त ड्रायरचा आवाज. फॉल्टकाका इथे उभे. मी त्यांना बसा म्हटलं नाही. चहा केला असता, पण पायामुळे उठवत नव्हतं. खाली मुलं खेळत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता.

शेवटी ते म्हणाले, "आता उचला. बाळाची आई दिवाणावरच राहील. कोणी फरशीवर नाही. अन् तुम्ही रबरी चपलेत, एक हात खिशात."

बाबांच्या पायजम्याला खिसा नव्हता. त्यांनी हात पाठीमागे धरला आणि ब्रेकर उचलला.

आम्ही सगळे त्या छोट्या काळ्या खटक्याकडे पाहत होतो. तो पडला नाही. अण्णा दिवाणावर खाली मान घालून बसले होते. थोड्या वेळाने आई रडायला लागली. मी म्हटलं, "झालं, झालं. काही होत नाही आता."

"मॅडम," फॉल्टकाका म्हणाले, "काही होत नाही, हे सांगणं नव्हे. फरशी गरम होऊन राहिली का ते विचारा."

आईने दिवाणावरून वाकून हाताची मागची बाजू फरशीला टेकवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाली, "होतेय."

त्यांनी बजावलं की पुन्हा पडला तर उचलायचा नाही, बाळाला घेऊन जिथे ऊब असेल तिथे जायचं. पडला नाही. सुट्ट्यांनंतर इलेक्ट्रिशियन आला, उंबरठा उचलला, आणि स्क्रूची जखम फॉल्टकाकांनी सांगितली तिथेच निघाली. त्याने केबलचा तेवढा तुकडा कापून जोड घातला.

अण्णा ती फळी टाकून देणार होते. घडल्या प्रकाराने ते खचले होते. मला तुमच्या आईने सांगितलं की ते जेवत नाहीत नीट. मी हे फॉल्टकाकांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडून नंबर घेतला आणि अण्णांना थेट फोन लावला. माझ्यासमोरच.

"ऐका ना अण्णासाहेब, ती फळी टाकू नका. चिकटवा. अन् पुसत जा, कोरड्या फडक्यानं. वहिनींना चालेल. ... हो ना. ... नाही, तुम्ही नाही सांगितलं असतं तर मी कुठून शोधलं असतं? मी इथं बसून काय पाहणार होतो? फॉल्ट तुम्हीच सापडवला."

पलीकडे अण्णा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर दर रविवारी त्या दोघांचा फोन असे. एक सांगलीचा, एक नागपूरचा, शेवटपर्यंत एकमेकांना प्रत्यक्ष भेटले नाहीत. बहुतेक वेळ भांडत. विषय असे वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालायचं की नाही. बाबाही मधूनमधून फोन करत. एकदा त्यांनी विचारलं म्हणे, "काका, ताईचं तुम्ही तेव्हाच का सांगितलंत?" हे म्हणाले, "तुम्ही विचारलं ना, कोण मेलं म्हणून."

इरा, तुझ्या बाबांच्या आणि अण्णांच्या गप्प बसण्याचं कारण एवढंच आहे. मैत्री होती का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला त्यातून काढता येईल. मला नेमका शब्द सापडत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना हॉस्पिटलमध्ये भेटले. हात उचलत नव्हता, तरी नर्स बेडचा कठडा वर करत होती तेव्हा त्यांनी त्याला उलटी बोटं टेकवली. ती म्हणाली, "अंकल, दिस वन नो करंट, लाह."

"हाऊ यू नो? यू चेक?" हे म्हणाले.

तिने त्यांच्यासारखाच उलटा हात लावून पाहिला. "ओके. चेक ऑलरेडी."

ते खूश झाले.

परवा आपला व्हिडिओ संपल्यावर तुझे बाबा तळमजल्यावरच्या त्या जुन्या घरी गेले होते. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. त्यांनी परवानगी घेतली, मेन बंद केला, भिंतीवरच्या डब्याचं झाकण काढलं आणि मला फोटो पाठवला. ती केबल बदललेली नाही, फरशी अजून तिच्यावरच तापते. हिरवी-पिवळी अर्थची तार जागेवर आहे आणि तिचा स्क्रू घट्ट आहे.